बाबांच्या नावावरचे खून

एवढी वर्षं नोकरी केल्यावर कार्डबाईंना पुस्तक म्हणजे काय हेच कळेनासं झालं. ग्रंथालयात नवं पुस्तक आलं की त्या पहिलं पान बघायच्या, शेवटच्या पानाचा आकडा बघायच्या, कार्ड लिहायच्या आणि खणात टाकायच्या, मामला खतम. म्हणून तर सगळे त्यांना कार्डबाई म्हणत. आता कार्डांच्या जागी संगणक आला आणि संगणकाबरोबर एक प्रशिक्षक आला.

"बाई, हातात धरलंय ते पुस्तक नव्हे," तो म्हणाला. "ती नुसती प्रत. प्रतीमागे आवृत्ती, आवृत्तीमागे कृती, कृतीमागे व्यक्ती. आणि व्यक्ती नावावरून नाही, नंबरावरून ओळखायची."

"मग हातातलं खाली ठेवू का?" बाईंनी विचारलं. त्या खरोखरच विचारत होत्या, पण सगळे हसले.

जुन्या कार्डांवर लेखकांची जन्मसालं नव्हती. त्यामुळे संगणकानं एका नावाची सगळी माणसं बिनदिक्कत एकत्र बांधली. त्यात सापडले बाईंचेच वडील. ते पंप दुरुस्त करणारे मिस्त्री. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीवर, तेही पदरमोड करून छापलेलं. आता त्यांच्या नंबराखाली त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाच्या रहस्यकादंबऱ्या ओळीनं उभ्या होत्या. पंप एक आणि खून बावीस!

बाईंनी ती यादी गंमत म्हणून घरी बाबांना आपल्या फोनवर दाखवली. आई गेल्यापासून बाबा हूं की चूं करत नसत. त्यांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "अरे वा! बरंच लिहिलं की मी."

त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी त्या कादंबऱ्यांतल्या गोष्टी सांगू लागले, आणि गाडी जी सुटली ती थांबेना. आज दिवाणखान्यात मुडदा, उद्या बागेत सुरा, परवा माळ्यावर संशय. बाई कामावरून आल्या की खांद्यावरची पिशवीही न उतरवता विचारायच्या, "बाबा, पुढे काय झालं?" म्हाताऱ्याला भ्रम झालाय की तो पोरीची फिरकी घेतोय, हे मात्र त्यांना काही केल्या उमगेना.

तिकडे प्रशिक्षकानं टुमणं लावलं. वाचकांसाठी यादी खुली व्हायच्या आत माणसं वेगळी करा. "लेखक हयात असेल तर त्यालाच विचारायचं, असा नियम आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. विचारलं नाही तर कुणा बिचाऱ्याची सारी मेहनत पंपवाल्याच्या खाती जाणार. विचारलं तर बाबा पुन्हा मिटून बसणार, आणि त्या शांततेची बाईंना मनापासून भीती वाटत होती.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं. "बाबा, खरं सांगा. ह्या कादंबऱ्या तुमच्या आहेत?"

"छे गं! माझ्या हातून झुरळ मरत नाही, माणसं कुठली मारतोय? सकाळी बसून रचतो नि संध्याकाळी तुला सांगतो."

"पण कशासाठी?"

"तू विचारत होतीस ना, पुढे काय झालं म्हणून." बाबा हसत होते. "पंपाचं पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत तुझ्याच हातात दिली होती. तू पट्टी काढून उंची मोजलीस. म्हणालीस, अठरा सेंटीमीटर. कार्ड लिहिलंस, पुस्तक कपाटात ठेवलंस. झालं."

त्या पुस्तकाची पानं किती, आकृत्या किती, हे बाईंना आजही तोंडपाठ होतं. आत काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि बाबांची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन माणसं वेगळी केली. बाबांच्या नव्या नंबराखाली एकुलतं एक पुस्तक उरलं. ते त्यांनी घरी आणलं. पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं. ओ की ठो कळलं नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "पंपात हवा शिरली की पाणी का चढत नाही हो?"

बाबांनी खुर्ची जवळ ओढली.