शिवकन्यावहिनींचं बटन

गुरुपादप्पाचं नि माझं लई पटतं, असं कुणी समजू नये. लातुरात एकाच बोळात, भिंतीला भिंत लागून पंधरा वर्षं राहतोय, आणि त्याच्या टीव्हीच्या आवाजानं माझ्या फळीवरची भांडी वाजतात. तीस वर्षं डाळ मिलमध्ये मशीनवर उभा राहिलेला माणूस, कान तिथंच ठेवून आला. मी भुजंग, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. मलाही कमी ऐकू येतं, पण मी कबूल करतो. तो करत न्हाई. "लोकच हळू बोलतात," म्हणतो. असला हट्टी.

त्याच्या टीव्हीखाली एक डबी बसवलेली आहे. कोण काय बघतंय ते मोजणाऱ्या एका कंपनीची. सोबत छोटा रिमोट. एक नंबरचं बटन गुरुपादप्पाचं, दोन नंबरचं त्याच्या बायकोचं, म्हणजे शिवकन्यावहिनींचं, तीन नंबरचं पाहुण्याचं. डबीवर लाल दिवा लुकलुकला की समोर बसलेल्यानं आपापलं बटन दाबायचं. दर पंधरा मिनिटांनी दिवा पुन्हा लागतो. बसलाय ना अजून, एवढंच विचारायला. ही गोष्ट कुणाला सांगायची नसते. गुरुपादप्पानं पहिल्याच दिवशी सगळ्या बोळाला सांगितली.

गेल्या दिवाळीनंतर दोन चॅनलवर दोन नव्या मालिका सुरू झाल्या. दोन्ही विज्ञानाच्या, दोन्ही सात ते साडेसात. याला आवडली 'यंत्रपूर'. त्या गावात सगळी कामं मशीन करतात, आणि एक दिवस ती माणसांचं ऐकेनाशी होतात. वहिनींना आवडलं 'परतीचं यान'. एक बाई नऊ वर्षं अवकाशात एकटी, आता घरी निघालेली. घरचा निरोप तिला चार महिने उशिरा मिळतो.

झालं! रोज कज्जा.

"यान कसलं ते? धान्याची कोठी आडवी केलीय," हा म्हणायचा. "माझं मशीन बघ. बेल्ट सुटला की थांबतं. त्याला तेल लागतं. खरं हाय ते."

"तुमच्या त्या गावात चूल कोण पेटवतं, ते एकदा तरी दाखवलं का?" वहिनी विचारायच्या. "माझी बाई तिथं वर मेथी लावते. बोलायला कुणी न्हाई म्हणून मेथीशी बोलते. भावजी, तुम्ही सांगा, कोणतं खरं?"

मी वहिनींच्या बाजूनं बोललो. तेवढ्यावरून हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई.

शेवटी ठरलं, एक दिवस याचं, एक दिवस तिचं. पण याच्या दिवशी वहिनी आत भाकरी थापत असल्या तरी हा दोन्ही बटनं दाबायचा. वहिनी पिठाच्या हातानं बाहेर यायच्या.

"माझं बटन कशाला दाबता? मी बघत न्हाई तुमचं. माझ्या नावावर तुमच्या मशीनी चालतील, आणि माझी बाई मधेच बंद पडंल. मग ती घरी कशी जायची?" आणि वर, "माझं बटन मला दाबू द्या."

हा हसायचा.

फेब्रुवारीतला मंगळवार. पाळी वहिनींची होती. पण 'यंत्रपूर'चा मोठा भाग होता, म्हणून यानं "आजच्या दिवस" म्हणून आपलंच लावलं. वहिनी भांडल्या न्हाईत. याच्या मागं बाजेवर जाऊन बसल्या. साडेसातनंतर यानं भिंतीवर हात आपटून मला हाक मारली. मी पोचलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून होत्या. डॉक्टर आले, म्हणाले, हृदय, जाऊन वीस मिनिटं तरी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या रिवाजाप्रमाणं कपाळाला विभूती लावून, बसत्या बैठकीत वहिनींना माती दिली.

दीड महिन्यानं माझ्या ध्यानात आलं, भिंतीपलीकडून रोज 'परतीचं यान'च ऐकू येतंय. एक दिवस सातला उठून गेलो. दिवा लागला. यानं एक दाबलं, दोन दाबलं.

माझं डोकंच फिरलं. "आरं, मेलेल्या बाईला टीव्ही दाखवून राहिलास? लाज वाटते का काही?"

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी ती मागून काहीतरी बोलली, भुजंग. मला वाटलं, चॅनल बदला म्हणून राहिली. मी आवाज वाढवला."

मी दार लोटून घेतलं.

"सव्वासातला दिवा लागला. मी माझं दाबलं, तिचं दाबलं. मागं बघितलंच न्हाई. साडेसातला म्हणलं, उद्या लाव तुझं यान. तर..." त्यानं रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तिकडं लिहिलं असंल, शिवकन्या सव्वासातला बसून 'यंत्रपूर' बघत होती. ती मरून राहिली होती रे."

मला त्याचा संताप आला. आजही येतो. एक शिवी तोंडापर्यंत आली होती, पण रडू आधी आलं. दोघं म्हातारे रडत बसलो.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला, अमरेश, चाळिशीचा. गुरुपादप्पानं स्वतःहून सांगितलं, बायको गेली. मग हात जोडले. "साहेब, एवढं करा. त्या मंगळवारचं सव्वासातचं दोन नंबरचं बटन काढून टाका. खोटं हाय ते. मी दाबलेलं हाय."

अमरेश डबीसमोर उकिडवा बसला. "मागचं बदलता येत न्हाई, काका. पुढचं बंद करतो." त्यानं वहिनींचं बटन बंद केलं. रिमोटवर त्यांच्या नावाची चिठ्ठी होती, ती नखानं खरवडून काढली. पक्की चिकटवली होती वहिनींनी, वेळ लागला.

आता रोज सातला मी जातो. तीन नंबर माझा. 'परतीचं यान' अजून चालू आहे, बाई अजून वाटेतच आहे. कधी बंद करतील काय की. मी मागं, त्याच बाजेवर बसतो. दुसरीकडं बसू देत न्हाई तो.

सव्वासातला दिवा लुकलुकतो. तो बोट माझ्या बटनावर ठेवतो, पण दाबत न्हाई. खुर्चीसकट सगळाच्या सगळा मागं वळतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो.

"भुजंग, हायस का?"

"हाव," मी जोरात म्हणतो. "हाय."

मग दाबतो.