शेवटच्या पानावरची धाप

माझ्या मावशीला घरात सगळे तोफ म्हणतात. ती कादंबऱ्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते आणि त्याच स्टुडिओत मी काचेपलीकडे बसून मशीन सांभाळते. फुप्फुसाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी तिला कमी बोलायला सांगितलं. ते ऐकून घरातले सगळे हसले, तीसुद्धा.

ती कामावर परतली तेव्हा स्टुडिओच्या मालकांनी अट घातली. या कादंबरीचा शेवट नीट जमला तर पुढची कामं, नाहीतर दुसरा आवाज. कादंबरी शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. ती स्वतःचं दुकान काढायचं ठरवते तेव्हा वाक्यं थांबायचं नावच घेत नाहीत. पाटी आणि पडदे आणि मोठा आरसा आणि पहिलं गिऱ्हाईक, अशी पानभर धावतात. मग दुकान बुडतं. "ती उठली. दिवा लावला. बसली." असं अर्धं पुस्तक. शेवटच्या पानावर मात्र ती नव्या जागेची चौकशी करायला निघते आणि पुन्हा एकच लांबलचक वाक्य, पूर्णविराम थेट तळाशी.

"चार तुकडे करून वाचा," मालक म्हणाले. "अर्थ काही बदलत नाही."

"तुकडे तिच्या वाईट दिवसांत झाले," मावशी म्हणाली. "आता मी नाही करणार."

मला तिचा भयंकर रागच आला. हट्टापायी हातचं काम घालवणार होती बाई.

तिने सुरुवात केली. अर्ध्यावर आवाज बारीक झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी रेकॉर्डिंग थांबवणार तोच तिने हात वर केला, मोठ्याने श्वास ओढला आणि तशीच पुढे वाचत तळाला पोचली.

"झकास!" मालक मला म्हणाले. "तेवढा श्वास काढून टाक."

"हात लावू नकोस त्याला!" मावशी माइकमधूनच गरजली. "सगळं बुडालेली बाई परत उभी राहतेय. तिला धाप लागणारच. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी कान झाकावेत."

"मग मला दुसरा आवाज बघावा लागेल," मालक म्हणाले.

"खुशाल बघा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. हातचं काम जाणार होतं, तरी त्या तोफेचा अभिमान माझ्या मनात मावत नव्हता.

"श्वास राहील, सर," मी म्हणाले आणि फाइल तशीच सेव्ह केली.