पट्टीखालची ओळ

आमच्या लॅबमध्ये त्यांना सगळे दोनदाबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई. तेवीस वर्षं रक्त तपासून त्यांना एकच सवय जडली होती, कुठलीही गोष्ट एकदा बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही. नळीवरचं नाव दोनदा, आकडा दोनदा, निघताना फ्रिजचं दार दोनदा. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षाच होती. "अहो बाई, दार लागलंय, मी बघितलं ना!" असं मी म्हणायचे आणि त्या शांतपणे पुन्हा दार ओढून बघायच्या. मी जाम वैतागायचे.

त्यांचे यजमान शिंपी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माणूस भारी मिश्किल. "हिने लग्नाच्या वेळी मला एकदाच बघितलं," ते म्हणायचे, "तेव्हापासून ती सगळं दोनदा बघते."

काकांना आतड्याचा कॅन्सर निघाला. आमच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ असलेला तुकडा कापून दोन टोकं जोडली. शुद्धीवर आल्यावर काकांचा पहिला प्रश्न सर्जनना, "टाका कुठला घातलात? उसवणार नाही ना?"

थट्टेतली गोष्ट, पण खरी भीती तीच असते. आतला जोड उसवला तर घाण पोटात झिरपते, आणि बाहेरून पहिले काही दिवस कळतही नाही. माणूस हसतो, चालतो, चहा मागतो. रक्त मात्र आधी बोलतं. सीआरपी नावाचं एक प्रथिन असतं, शरीरात कुठे सूज असली की ते वाढतं. ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस सगळ्यांचंच वाढतं, तिसऱ्या दिवसापासून उतरायला लागलं पाहिजे. उतरलं नाही तर सर्जन घरी सोडत नाहीत, आत काय चाललंय ते शोधतात. म्हणून रोज सकाळी काकांचं रक्त खाली आमच्याकडे यायचं.

घरच्या माणसाचा नमुना हातात घ्यायचा नाही आणि त्याचा आकडाही बघायचा नाही, हा बाईंचा स्वतःचाच नियम. "घरचा आकडा असला की डोळे हवं ते वाचतात," त्या म्हणायच्या. त्यामुळे काकांचं रक्त माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी एकशे अठरा, दुसऱ्या दिवशी एकशे शहात्तर.

तिसऱ्या दिवशी यंत्राने आकडाच दिला नाही. मोजमापाच्या वर, एवढंच म्हणालं. असं झालं की रक्तातून वेगळं काढलेलं पाणी, म्हणजे सीरम, दहापट पातळ करायचं, पुन्हा लावायचं आणि येईल त्याला दहाने गुणायचं. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. मी पातळ केलं, लावलं. तेवढ्यात अपघात विभागातून फोन, दारात दोन माणसं रिपोर्टसाठी भांडायला उभी. मी भांडून आले, पडद्यावर चोवीस पॉइंट आठ दिसलं, तेच वहीत उतरवलं. गुणायचं राहिलं. मेलीला एक शून्य सुचलं नाही!

वहीच्या पानावर दुसरीची सही असल्याशिवाय रिपोर्ट वर जात नाही. पाळीला आम्ही दोघीच. दुपारी बाई तपासायला बसल्या. काकांच्या ओळीवर त्यांनी स्टीलची पट्टी ठेवली, बाकीच्या ओळी दोनदा वाचल्या आणि पानाखाली सही केली.

"काय बाई तुमचं पण!" मी हसले.

"ती ओळ तू बघितलीस ना? मग झालं," त्या म्हणाल्या.

चार वाजता आम्ही चहा घेऊन वर गेलो. काका उशीला टेकून बसले होते, गाल जरा लाल, पण मजेत. "चोवीस!" ते ओरडले. "काल एकशे शहात्तर, आज चोवीस! उद्या घरी सोडतायत." नर्स हसत होती. मलाही केवढा आनंद झाला!

बाईंनी फाइल घेतली. बायको म्हणून तिथे बघायला हरकत नव्हती. एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतका चांगला आकडा बघून घाबरलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"एका दिवसात इतकं उतरत नाही," त्या म्हणाल्या. "फार तर निम्मं होतं. सकाळी पातळ केलं होतंस का?"

"केलं होतं," मी म्हणाले. "बाई, गुणायचं राहिलं!"

जिने कसे उतरले आठवत नाही. नळी फ्रिजमध्ये होती. मी हात लावायच्या आत बाईंनीच ती घेतली. घरच्या माणसाचं रक्त त्यांनी तेव्हा पहिल्यांदा हातात धरलं. पातळ केलं, लावलं, गुणलं. दोनशे एक्कावन्न. त्यांनी लगेच सर्जनना फोन केला, "चोवीस नाही, अडीचशे आहे. चूक लॅबची." स्कॅनमध्ये जोड उसवलेला दिसला. दिवस मावळायच्या आत काकांना पुन्हा टेबलावर घेतलं.

आम्ही दोघी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बाकावर बसलो. मी रडत होते. "बाई, माझ्यामुळे झालं. मला मारा, पण बोला काहीतरी."

"गुणायचं तू विसरलीस," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "पण खाली सही माझी आहे. मी ती ओळ झाकून सही केली." मी त्यांचा हात धरला, तो बर्फासारखा गार होता.

काका वाचले. शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागली, अकरा दिवस अतिदक्षता विभागात काढले, अंगावर मांस उरलं नाही. बाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं, माझं आणि स्वतःचंही. सर्जनना तर त्यांनी लेखी दिलं.

मी भेटायला गेले तेव्हा वर बघायची हिंमत नव्हती. काकांनीच हाक मारली, "ये ये, दहापट!" आणि हसले. मग ते बाईंकडे वळले. आवाज अगदी बारीक झाला होता, पण चेहरा तोच मिश्किल.

"काय गं, घरचा गॅस दोनदा बघतेस, कुलूप दोनदा बघतेस. मला तेवढं एकदासुद्धा बघितलं नाहीस?"

त्यांना थट्टाच करायची होती, देवाशपथ. पण बाई मटकन खाली बसल्या आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून ढसाढसा रडायला लागल्या. काका घाबरून त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले, "अगं, गंमत केली गं, गंमत केली." मी तिथेच उभी होते, आणि मला बाहेरही जाता येईना.