पाच बोटांचा शब्द

बाबांची वाचा गेली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि स्वभावानं आजच्याइतकीच हट्टी होते. लकव्यानं त्यांची उजवी बाजू नेली, सोबत बोलणंही नेलं. वर्ध्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस पिपरी मेघेतल्या आमच्या पुढच्या खोलीत खाटेवर पडून छताकडे बघत राहायचा. भेटायला येणारे त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जणू काही ते तिथं नाहीतच. माझं डोकं फिरायचं. आईसुद्धा हळूहळू त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती.

"पोरी, काऊन जीव काढून राह्यली?" ती मलाच म्हणायची. "यायले आता काही समजत नाई."

आईला खोटं ठरवायचं, एवढंच माझ्या मनानं घेतलं होतं. त्यासाठी मी माझा नि बाबांचा जुना खेळ काढला. एकानं मनात पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द धरायचा, त्यात कुठलंही अक्षर दोनदा यायला नको. दुसऱ्यानं तसेच शब्द बोलत जायचे आणि पहिल्यानं फक्त किती अक्षरं जुळली ते सांगायचं. लहानपणी वीज गेली की आम्ही दोघं हेच खेळायचो आणि हरले की मी जेवायलासुद्धा उठायचे नाही. आता बाबांचा डावा हात तेवढा शाबूत होता. पाच अक्षरांना पाच बोटं पुरणार होती.

"शब्द धरला की मूठ वळा," मी रोज सांगायचे. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी मूठ वळली. मी 'वॉटर' म्हटलं, तीन बोटं वर आली. 'हाउस'ला एकच. 'टेबल'ला पुन्हा तीन. असं करत करत 'ब्रेड'वर आले, तर अख्खा पंजा वर. मी रडत, ओरडत आईला ओढून आणलं. पण तिच्यासमोर तो हात चादरीवर पडून राहिला.

"हात हलते त्यायचा," आई म्हणाली. "तुले वाटते तसं नाई ते." आणि ती भाकरी टाकायला निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर बाबांनी मूठ वळली नाही. मे महिना होता. औषधं घेऊन मी भर दुपारी घरी परतले तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वीज गेल्यामुळे कूलर बंद होता. दारात चप्पल काढता काढता मी आत पाहिलं. बाबा खेळत होते.

त्यांची नजर खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर होती. खुर्चीत कुणी नव्हतं. दोन बोटं वर गेली, मिटली. मग ते थांबले. समोरचा माणूस विचार करतो आहे म्हटल्यावर आपण थांबतो, तसे थांबले. तीन बोटं. पुन्हा थांबले. मग पंजा वर गेला आणि बाबा अर्ध्या तोंडानं हसले.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला. सासरच्या मोठ्या माणसांपुढेच ती पदर घ्यायची, आणि आमच्याकडे तसं आता कुणीही उरलं नव्हतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"बाई," ती कुजबुजली.

बाई म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई नसलेल्या बाबांना तिनं वाढवलं, पाटीवर पहिली इंग्रजी अक्षरंही तिनंच गिरवून घेतली. खिडकीजवळची ती वेताची खुर्ची तिचीच. माझ्या जन्माआधीच ती वारली होती.

दुसऱ्या दुपारी मी मुद्दाम त्या खुर्चीत जाऊन बसले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त राग येत होता. त्या रखरखीत उन्हाळ्यात खुर्ची गार लागली.

"बाबा, मूठ वळा."

वळली. मी 'प्लँट' म्हटलं. बोटं हलली नाहीत. मी दुसरा शब्द शोधत गप्प बसले, तर दोन बोटं वर आली. मी तोंड उघडलं की बोटं थांबायची, मी गप्प झाले की पुन्हा उठायची. बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या डोक्याच्या जरा वर होती.

मला हवं होतं ते झालं होतं. बाबांना सगळं समजत होतं, आठवत होतं, खेळात मजासुद्धा येत होती. आईलाही पटलं होतं. फक्त ते माझ्याशी खेळत नव्हते. पुढे ते वारले त्या दिवशीसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नाही.

दारात आई उभी होती, डोक्यावर पदर.

"उठ पोरी," ती हळूच म्हणाली. "बाईच्या मांडीवर काऊन बसली?"

मी उठले. बाबांनी पुन्हा मूठ वळली.