शेंदराखालचे आकडे

कापसाच्या तेजीची ती वर्षे. अमरावतीच्या पेठेत गाड्यांना जागा पुरत नव्हती, आणि काळ्या जमिनीचा कोणता तुकडा कोणाचा, याची सरकारी चौकशी चालू होती. मी शाळेत पंतोजी. जुनी अक्षरे वाचतो असा लौकिक होता, म्हणून अकोल्याच्या वाटेवरच्या एका गावच्या गुरवाने मला बोलावले. देवळाचे शेत यादव राजाने दिले असे देवळापुढच्या कोरीव दगडावर लिहिले आहे, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. कचेरीची तशी खात्री पटली, तर शेताचा सारा माफ राहणार होता.

पण गावाने त्या दगडालाच देव मानून तेल-शेंदूर चढवला होता. वरचे चंद्र-सूर्य तेवढे उठून दिसत.

"शेंदराची खोळ आपून काढत नाही, पंतोजी. देव सोडते तवा सोडते," गुरव म्हणाला.

"चौकशीचे शिरस्तेदार याच आठवड्यात येणार. देवाला कळवलंस का?" मी म्हणालो. तोही हसला.

मी लोखंडी खिळ्याने शेंदूर उकरला. राजाचे नाव लागले, दानाचा मजकूर लागला. शकाचे आकडे मात्र निघेनात. तिथे मी जोर केला.

दुसऱ्या दिवशी शिरस्तेदारांनी आकड्यांवरून बोट फिरवले. "राजा गेल्याच महिन्यात येऊन गेला वाटतं. हे ताजं आहे."

"माह्या आज्याच्या आज्यानं याले शेंदूर लावला जी," गुरव म्हणाला. "नवा कसा असन?"

"दगड जुना असेल. आकडे?" ते माझ्याकडे वळले. "पंतोजी, खिळा लागण्याआधी हे असेच होते?"

मी वाकून पाहिले. कोणती रेघ पाथरवटाची आणि कोणती माझी, मला ओळखता येईना. आदल्या दिवशी खात्री होती. की राजाचा काळ ठाऊक होता, म्हणून हवा तोच आकडा मी उकरत गेलो?

"सांगता येत नाही," मी म्हणालो. ते खरे होते. खरे बोलल्याचे समाधान मात्र मला कधी मिळाले नाही.

शेतावर पुरा सारा बसला, आणि पुढे ते दुसऱ्याच्या नावे चढले.

काही वर्षांनी गेलो, तर दगड पुन्हा शेंदराने भरत आला होता. गुरवाने वाटी पुढे केली. "लावा तुमी बी. काहून थांबले?"

मी आकड्यांच्या जागी बोट टेकवले. शेंदराखाली एक खाच लागली. ती कोणाची, हे मला आजही कळलेले नाही.