बारवेचं पाणी

आमच्या आबांनी दोन बोटांच्या चिमटीत नाक धरायचं आणि म्हणायचं, "वास यी ऱ्हायना, भाऊ. पाणीना नही, माणूसना."

खापर गावाच्या अलीकडे, सुरतेकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर तुम्ही कधी थांबला असाल, तर माणसाचाच वास येतोय, हे तुम्हालाही ऐकावं लागलं असेल. तिथं चिंचेखाली दगडी बारव आहे. एके काळी गाडीवान तिथं बैल सोडत. आता ट्रकवाले कॅन भरतात. आबा पायरीवर बसलेले असायचे, हातात पाण्यातली घाण काढायला आकडी बांधलेला बांबू.

त्यांना कुणी नेमलं नव्हतं. शेत शेजारी होतं, एवढंच. गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, पोरांचे भरलेले लंगोट, काय काय वर यायचं.

एकदा मोठ्या गाडीतल्या बाईंनी निर्माल्याची पिशवी सरळ पाण्यात सोडली. आबांनी ती काढली आणि निथळत तशीच त्यांच्या मागच्या सीटवर ठेवली. नवरा तापला, भगवान के फूल हैं म्हणाला.

"मंग देवले घर लई जा," आबा म्हणाले. "आठे त्याले सर्दी व्हई."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. चांगल्या अक्षरात पाटी रंगवून दिली: पाणी पिण्याचे आहे, घाण करू नये. आठवड्यात पाटी पिचकाऱ्यांनी लाल. आबांना नवल वाटलं नाही.

"शिकेल लोके शेतस. वाचीसन थुंकतस."

आपल्यामागे हे पाणी कोण राखील, एवढाच त्यांना घोर होता. मी म्हणायचो, गाव आहे ना. ते बांबू उचलून पुढची पुडी काढायला लागायचे.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. शोकसभा बारवेपाशीच झाली. बॅनर, भाषणं, 'जलसेवक' ही पदवी. लोक मनापासून रडले, ते खोटं नव्हतं. मग तसबिरीवरचे हार पायदळी नकोत म्हणून एका पुढाऱ्याने ते कपाळाला लावले आणि बारवेत सोडले. पाठोपाठ फुलं, उदबत्त्यांचे पुडे, सगळंच. मी ओरडलो, तर शेजारी उभा एक जण माझा दंड धरून समजावू लागला, "अरे भाऊ, आबानाच हार शेतस."

चार-आठ दिवसांनी मी तिथं थांबलो. एक ट्रकवाला खाली उतरला. कुजलेल्या झेंडूचा थर त्याने कॅनच्या बुडाने बाजूला सारला, ओंजळ नाकाशी नेली, सोडून दिली. आणि रिकामा कॅन घेऊन पायऱ्या चढू लागला.