जुलै ते एप्रिलचे प्राध्यापक

तात्पुरत्या नोकरीत माणसाजवळ काही साठत नाही. रजा नाही, फंड नाही. ओळख साठते म्हणावं, तर जूनमध्ये तीही नव्याने करून द्यावी लागते! साठतात ते किस्से. मित्र जमले की मी ते हसत सांगतो, कारण न हसता सांगायला गेलो तर मान वर होत नाही.

सत्तरचं दशक होतं. वाशीमच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्राला लागलो. त्यातला गुन्हेगारीशास्त्राचा पेपर जुनी मंडळी घेईनात, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. ऑर्डर जुलैत निघायची, एप्रिलमध्ये संपायची आणि जूनमध्ये पुन्हा इंटरव्ह्यू! माझ्यासारखाच दुसरा तात्पुरता म्हणजे मराठीचा गावंडे.

पहिल्या इंटरव्ह्यूत संस्थेचे सचिव भाऊसाहेब यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी पोरायले चोऱ्या कराले शिकवसान का?"

"नाही साहेब. माणूस चोर का होतो, ते शिकवतो."

"त्यात शिकवाचं काय? पोटाले नाई भेटलं का होते!"

कमिटी खो खो हसली. मी वर्षभर तेच शिकवलं, फक्त विद्वानांची नावं लावून.

* * *

खोली बघायला गेलो. घरमालक जैन शेटजी, खाली त्यांचं किराण्याचं दुकान. त्यांनी विषय विचारला. मी "गुन्हेगारी" म्हटल्यावर त्यांनी आधी गल्ला बंद केला आणि मग मला बसायला सांगितलं.

"नोकरी पक्की का कच्ची?"

"कच्ची."

"मंग खोलीबी एप्रिलपर्यंतच. मे महिन्यात तिथं आमचे पापड वाळतात."

माणूस शब्दाला पक्का. मी एप्रिलअखेर वळकटी बांधली की त्याच जागी जुनी लुगडी अंथरून पापड पडायचे. वर्षानुवर्षं पडायचे. त्यांची जागा कायम होती!

* * *

स्टाफरूमच्या दारावर सगळ्या प्राध्यापकांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली. आमची दोघांची खडूने. पावसाची झड आली की आम्ही पुसले जायचो आणि क्लार्क पुन्हा लिहायचा.

गावंडे एकदा चिडला. "आमचीच नावं खडूनं काहून?"

क्लार्क शांतपणे म्हणाला, "रंगानं लिव्हलं का एप्रिलात खरवडाले माणूस लावा लागते, सर."

* * *

मुलांना लॉकअप दाखवायला मी पोलीस ठाण्यात नेलं. ठाणेदार हौशी निघाले. संशयिताची चौकशी कशी करतात ते दाखवतो म्हणाले आणि नमुन्यादाखल मलाच स्टुलावर बसवलं.

"धंदा?"

"प्राध्यापक."

"कवापासून?"

"जुलैपासून."

"त्याच्या आंधी?"

"आधीच्या वर्षी जुलै ते एप्रिल."

"मे-जूनमधी कुठं होते?"

"मामाकडे. इंझोरीला."

"एवढा मोठा माणूस मामाच्या गावाले कायले गेला?"

मी स्टुलावर जरा सरकून बसलो. ठाणेदार मुलांकडे वळून म्हणाले, "पाहा पोरायहो. इथं आमी संशय घेतो!"

मुलं इतकी हसली की लॉकअपमधला आरोपीसुद्धा हसला. मीही हसलो. परतताना मात्र मी मुलांच्या मागून चाललो, पुढे जायला तोंड नव्हतं.

* * *

एक हिवाळाभर मी भाऊसाहेबांच्या मुलीला त्यांच्या घरी जाऊन फुकट शिकवलं. पुढच्या जूनमध्ये कमिटीसमोर बसलो, तर भाऊसाहेब विचारतात, "आपलं नाव? वाशीमले पह्यल्यांदाच आले का?"

चहा ठेवणाऱ्या शिपायाला राहवलं नाही. "साहेब, हे सर तं आपल्याच घरी येत राह्यते, ताईले शिकवाले."

"ते घरी," भाऊसाहेब म्हणाले. "इथं कमिटी हाय!"

* * *

त्याच मुलीचं पुढे लग्न निघालं. मे महिना. तेव्हा आम्ही कॉलेजचे कोणीच नव्हतो. पण जूनमध्ये एक जागा कायम होणार अशी कुणकुण होती, त्यामुळे निरोप येताच आम्ही दोघं हजर. कायम प्राध्यापक पंगतीत बसायचे आणि तात्पुरत्यांनी राबायचं, हा तिथला रिवाजच होता. भाऊसाहेबांनी कामंही विषयाप्रमाणे वाटली. मराठीच्या गावंडेला माइक दिला. मला म्हणाले, "चोरायचा अभ्यास तुमचा. तुमी मांडवाच्या दारात बसा. पाव्हण्यायचे जोडे-चपला सांभाळा!"

मला त्यांनी एक स्टूल दिलं.

इकडे माझंही लग्न जमत होतं. आमचं घर मेडशीचं, बाबा शेती करायचे. मुलगी शेलूबाजारची, वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांची एकच अट होती, मुलाची नोकरी पक्की पाहिजे. मी बाबांना म्हटलं होतं, खरं काय ते सांगून टाका. बाबा म्हणाले, "असं सांगाचं नसते." मुलीच्या वडिलांनी मला अजून पाहिलं नव्हतं.

त्यांची आणि भाऊसाहेबांची जुनी ओळख, हे मला कुठून माहीत असणार? त्यांना लग्नाचं बोलावणं होतं. बाबाही त्यांच्यासोबत निघाले. चार मोठ्या माणसांत वावरताना मुलगा दाखवून टाकू, एवढाच त्यांचा बेत.

मांडवाच्या दारात दोघं आले. शेलूबाजारच्या पाहुण्यांनी जोडे काढले, माझ्याकडे न बघताच पुढे सरकवले आणि म्हणाले, "जरा ध्यान ठेवजो रे बाप्पा, नवे हायेत."

मी जोडे उचलले. वर पाहिलं तर त्यांच्या मागे बाबा उभे. नवं धोतर, डोक्याला फेटा. जमिनीत गाडून घ्यावंसं वाटणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. जोडे माझ्या हातातच राहिले.

बाबा पुढे आले. आपल्या वहाणा त्यांनी स्वतःच काढून कोपऱ्यात लावल्या. माझ्या हातातले जोडे घेतले.

"हेच आमचे प्रोफेसर," ते पाहुण्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. जन्मात कधी त्यांनी मला अहो-जाहो केलं नव्हतं.

"सर, तुमी पाव्हण्याले घेऊन आत जा. पंगतीत बसा. जोडे मी पाह्यतो."

आणि ते स्टुलावर बसले.